रशियन व्याकरण स्वतः शिकताय? आधी एवढं करा

सहा विभक्त्यांचा तक्ता पाहून घाबरू नका. मराठी येत असल्यानं निम्मी वाट तुमच्या ओळखीची आहे. 'पुणे'चं 'पुण्यात' होतं, तसंच रशियनमध्ये 'पूना'चं 'व् पून्ये' होतं.

बहुतेकजण अख्खा तक्ता एका दमात पाठ करायला जातात आणि महिन्याभरात सोडून देतात. एकच विभक्ती घ्या, तिची वीसेक वाक्यं स्वतः रचा, मोठ्यानं म्हणा, मगच पुढची. स्थळ दाखवणारी आधी घ्या. ती लगेच वापरता येते.

- ३३ अक्षरं हातानं गिरवा. उच्चार देवनागरीत लिहून ठेवायची सवय नकोच.
- शब्द आघातासकट, म्हणजे कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा त्यासकट, पाठ करा. आघात नसलेला 'ओ' 'अ'सारखा ऐकू येतो.
- मराठीतलं लिंग तिकडे लावू नका. पुस्तक आपल्याकडे नपुंसकलिंगी, 'क्नीगा' मात्र स्त्रीलिंगी. शब्दाचा शेवट पाहा: व्यंजन असेल तर बहुधा पुल्लिंगी, 'आ' स्त्रीलिंगी, 'ओ' नपुंसकलिंगी.

पूर्ण-अपूर्ण क्रियापदांच्या जोड्या (क्रिया पुरी झाली की नाही हे दाखवणाऱ्या) आणि गतिवाचक, म्हणजे जाण्या-येण्याची, क्रियापदं तूर्त बाजूला ठेवा, खरंच. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकलेलं कुणी ओळखीत असेल, तर अधूनमधून वही तपासून घ्या. एकट्यानं शिकताना चुका नकळत मुरतात.