खाण वाढवून चुंबक मिळणार नाही

केरळ-ओडिशाच्या किनाऱ्यावर एवढा मोनाझाइट (दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं असलेलं वाळूतलं खनिज) पडलेला असताना गाड्यांच्या मोटरचे मॅग्नेट, म्हणजे चुंबक, चीनहून का आणायचे, खाणकाम का वाढवत नाहीत, असं तुम्ही विचारलंय. आपण अडकलोय ते खाणीनंतरच्या टप्प्यांत.

मोनाझाइटमध्ये थोरियम असतं, म्हणून तो अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत. सरकारी कंपनी आयआरईएल त्यातून या मूलद्रव्यांची ऑक्साइडं काढतेही. पण चुंबकाला लागणारे निओडिमियम आणि प्रासिओडिमियम हे धातू इतके सारखे, की ते सुटे करायला द्रावण शेकडो टप्प्यांतून फिरवावं लागतं. मग ऑक्साइडचा धातू, त्याचा मिश्रधातू, त्याची काही मायक्रॉनची पूड (हवा लागली तर पेटते), चुंबकीय क्षेत्रात दाबणं आणि हजार अंशांच्या वर सिंटरिंग, म्हणजे न वितळवता भाजून पूड एकसंध करणं. चीनने या साखळीवर कित्येक दशकं मेहनत घेतली आहे.

एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवाना लावला आणि आपल्या वाहन कंपन्यांची झोप उडाली. त्या सातांत निओडिमियम नव्हतंच! डिस्प्रोशियम आणि टर्बियम होतं. मोटर तापली तरी चुंबकत्व टिकावं म्हणून ते थोडंसंच लागतं, आणि आपल्या वाळूत नेमकं तेच फार कमी आहे.

जपानचा अनुभव म्हणूनच नीट पाहायला हवा. २०१० मध्ये दोन्ही देश दावा सांगतात त्या सेनकाकू बेटांजवळ चिनी आणि जपानी बोटींची टक्कर झाली, आणि चीनकडून जपानला येणारा हा माल आटला. पुढच्याच वर्षी जपानने सरकारी संस्था आणि सोजित्झ कंपनीमार्फत दुर्मीळ मृदा काढणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत २५ कोटी डॉलर घातले. नंतर भाव कोसळले, लायनस बुडायच्या बेताला आली, तेव्हा जपानने हात काढून घेतला नाही. कर्जाची मुदत वाढवून दिली. माझ्या मते खरं काम तिथे झालं. दुसरीकडे वापरच कमी केला: होंडा आणि दाइदो स्टीलने २०१६ मध्ये हायब्रिड गाडीच्या मोटरसाठी डिस्प्रोशियम-टर्बियमशिवायचं चुंबक आणलं. जपानचं चीनवरचं अवलंबित्व सुमारे ९० टक्क्यांवरून ६० टक्क्यांच्या आसपास आलं. शून्यावर आजही नाही.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ मध्ये ७,२८० कोटींची योजना मंजूर झाली, वर्षाला ६,००० टन सिंटर्ड चुंबकांसाठी. त्यातला मोठा हिस्सा विक्रीशी जोडलेला आहे, हे मला पटतं. भीती एकच वाटते. उद्या चीनने परवाने सैल केले आणि भाव पाडले, तर आपले मोटरवाले देशी चुंबक घेतील का? दीर्घ मुदतीचे खरेदी करार आत्ताच व्हायला हवेत, किलोमागे थोडे पैसे जास्त मोजावे लागले तरी.