बाईंना विचारा : मे महिन्यातलं प्रशिक्षण

(लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमधून आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेल्या शिक्षिकेचं हे सदर. या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं उन्हाळी प्रशिक्षणाबद्दल होती, त्यांतली चार इथे घेतली आहेत.)

प्रश्न : मी दोन वर्षांपासून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मुलगी तीन वर्षांची. मे महिन्यात माहेरी जायचं ठरलं होतं, तेवढ्यात प्रशिक्षणाचा आदेश आला. मागच्या वर्षीचा अनुभव असा की दिवसभर पीपीटी वाचून दाखवतात, दुपारी चहा-बिस्किट आणि संध्याकाळी गुगल फॉर्म. यातून खरंच काही मिळतं का? की सुटी गेली म्हणून गप्प बसायचं?

ताई, राग आला ते बरोबरच आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42च्या पुढे जातो. प्रशिक्षण होतं त्या तालुक्याच्या गट साधन केंद्राच्या हॉलमध्ये दोन पंखे, त्यातला एक नुसता आवाज करणारा. आदेश आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर पडतो आणि त्यात 'अनुपस्थित राहिल्यास कारवाई' हे वाक्य तेवढं ठळक असतं. लेकरू लहान आहे तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, पुढच्या टप्प्यात नाव टाका म्हणा. तोंडी सांगू नका, तोंडी सांगितलेलं ऑफिसात कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि गेलात तर आदेशाची प्रत आणि उपस्थितीचा दाखला जपून ठेवा. सुटीत कामावर बोलावलं म्हणजे त्या बदल्यात मिळायच्या अर्जित रजेचा प्रश्न निघतो, तेव्हा कागद लागतो.

आता मिळतं का, ते सांगते. मिळतं, पण रिकाम्या हातानं गेलं तर मिळत नाही. प्रशिक्षणाला जाताना वही न्या. तुमची नको, पोराची.

हे मी कुठे शिकले ते ऐका. डीपीईपीचे, म्हणजे जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाचे दिवस होते. 1994पासून लातूर, नांदेड, परभणी, तेव्हाचं उस्मानाबाद आणि तेव्हाचं औरंगाबाद अशा पाच जिल्ह्यांत तो कार्यक्रम चालला. शैक्षणिक साहित्यासाठी दर शिक्षकाला वर्षाला 500 रुपये मिळायचे आणि त्या पैशांत सगळ्या तालुक्यातलं थर्माकोल संपायचं. अशाच एका उन्हाळी वर्गात जेवणानंतरच्या तासिकेचे तज्ज्ञ आलेच नाहीत, एसटी बंद पडली म्हणे. आम्ही चाळीसेक माणसं घाम पुसत बसलेलो. एका गुरुजींच्या पिशवीत तिसरीच्या गणिताच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. वेळ घालवायला म्हणून त्यांनी एका पोराची वजाबाकी फळ्यावर उतरवली :

52 − 27 = 35
81 − 46 = 45
60 − 23 = 43
74 − 31 = 43
95 − 58 = 43

पाचांतलं एक बरोबर. गुरुजींनी विचारलं, या पोराचं काय करायचं? पहिलं उत्तर आलं, 'लक्ष नाही.' दुसरं, 'सराव कमी पडला.' तिसरं, 'घरी कुणी बघत नाही, बाप ऊसतोडीला.' कुणीतरी म्हणालं, बाजूच्याचं बघून लिहिलं असेल. मग मागच्या बाकावरच्या एक बाई, सबंध दिवसात तोंड न उघडलेल्या, फळ्याकडे बघत म्हणाल्या, 'त्याला 43 − 18 द्या. तो 35 लिहील.'

हॉल गप्प. मग सगळ्यांना दिसलं. पोरगं प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होतं, वरचा-खालचा हा भेदच त्याला नव्हता. दोनातून सात जात नाहीत ना, मग सातातून दोन काढायचे. पाच आणि तीन, पस्तीस. 74 − 31 बरोबर आलं कारण तिथे हातच्याची गरजच पडली नाही. म्हणजे लक्ष होतं, सरावही होता. एका चुकीच्या नियमाचा सराव होता, आणि तो नियम त्यानं इमानेइतबारे पाळला होता. अशा पोराला आणखी पन्नास गणितं दिली तर तो नियम पक्का होतो, दुसरं काही होत नाही.

त्याच बाईंनी पुढचंही सांगितलं. पाटीवर काही करू नका, पैसे द्या. दहाच्या पाच नोटा आणि एक-एक रुपयाची दोन सुटी नाणी त्याच्या हातात, आणि म्हणा, मला 27 दे. दोन नोटा लगेच देईल. मग सात रुपये द्यायला बघेल तर हातात दोनच. तिथे तो थांबतो आणि आपणहून म्हणतो, 'बाई, सुटे करून आणू?' त्या क्षणी त्याला दशक सुटा करणं म्हणजे काय ते कळलेलं असतं. मग ते आकड्यांत लिहायला शिकवायचं. दुकानात पाठवलेल्या कुठल्याही पोराला हे जमतं, फक्त वहीतल्या वजाबाकीचा आणि दुकानाचा संबंध आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

तज्ज्ञ आले तेव्हा साडेचार वाजले होते. त्यांचा विषय होता 'मूल्यमापनाची तंत्रे'.

तेव्हा वर्षभरात ज्या पोरांनी तुम्हाला कोड्यात टाकलं त्यांच्या वह्यांची पानं मोबाइलमध्ये काढून ठेवा, नाव बोटानं झाकून. 'एकशे पाच' सांगितल्यावर 1005 लिहिणारं एक असतंच. 612 भागिले 6 याचं उत्तर 12 लिहिणारं असतं, मधलं शून्य गाळून. कविता घडाघडा म्हणणारं पण तीच कविता पुस्तकात बोट ठेवून वाचता न येणारं असतं. चहाच्या सुटीत शेजारच्या बाईंना दाखवा आणि एवढंच विचारा, यानं असं का लिहिलं असेल? सुलभकालाही, म्हणजे प्रशिक्षण घेणाऱ्यालाही विचारा. त्याला आलं तर उत्तमच. नाही आलं तर मागच्या बाकावरून येईल. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाची उद्दिष्टं तुम्हाला पाठ असतील, 2021ला सुरू झालं आणि 2026-27पर्यंत तिसरीपर्यंतच्या प्रत्येक पोराला वाचता आणि मूलभूत गणित करता यायला हवं. ते उद्दिष्ट तुमच्या शाळेत या असल्या पानांवरूनच जातं.

पीपीटीची पीडीएफ मागून घ्या आणि त्या वेळेत खुशाल खिडकीबाहेर बघा. माझी परवानगी आहे.

प्रश्न : माझी 24 वर्षं सेवा झाली. निवडश्रेणीसाठी प्रशिक्षण करावं लागतंय. तरुण शिक्षक चेष्टा करतात, 'सर पगारासाठी शिकायला लागले.' आपल्याला काय वाटतं?

गुरुजी, पगारासाठी शिकलं तर काय बिघडलं? 12 वर्षांनी पगाराची वरची पायरी म्हणजे वरिष्ठ वेतनश्रेणी, 24 वर्षांनी त्याहून वरची निवडश्रेणी, आणि दोन्हीला प्रशिक्षणाची अट. ही अट सरकारनं घातली, तुम्ही नाही. निवडश्रेणीला तर 20 टक्क्यांची मर्यादाही आहे, म्हणजे प्रशिक्षण झालं तरी सगळ्यांना ती मिळत नाही. ही प्रशिक्षणं मधल्या काळात रखडली होती, 2022ला ऑनलाइन झाली, 2025च्या जूनमध्ये पुन्हा समोरासमोर बसून. ऑनलाइनमध्ये व्हिडिओ चालू ठेवून भाजी निवडणारे मी पाहिलेत, त्यापेक्षा समोरासमोरचं बरं.

चेष्टा करणाऱ्यांना सांगा, तुमचीही 12 वर्षं भरतील. प्रमाणपत्राच्या चार झेरॉक्स काढून ठेवा आणि सेवापुस्तकात नोंद झाली का ते स्वतः डोळ्यांनी बघून या.

प्रश्न : मी पालक आहे. गावच्या शाळेत दोनच शिक्षक. त्यातले एक सारखे प्रशिक्षणाला जातात. एवढी डी.एड. झालेली माणसं, त्यांना पुन्हा पुन्हा काय शिकवतात? आणि मग शाळा कोण घेणार?

दादा, तुमच्या दोन प्रश्नांतला दुसरा मला जास्त पटतो. दोन शिक्षकी शाळेतला एक गेला की उरलेल्याकडे पहिली ते चौथी किंवा पाचवी. चार वर्गांना काम देऊन बसवायचं, खिचडीकडे बघायचं, त्यातच कुणी दाखला मागायला येतं. त्या दिवशी शिकवणं होत नाही, सांभाळणं होतं. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षात 200 दिवस आणि सहावी ते आठवीला 220 दिवस शाळा भरली पाहिजे असं ठरवलंय. म्हणूनच प्रशिक्षण सुटीत घ्या असा आग्रह असतो, आणि मग वरच्या ताईंसारख्या शिक्षिका मला पत्र लिहितात. दोघांचंही खरं आहे. माझं मत विचाराल तर मेच्या शेवटच्या आठवड्यात किंवा शाळा उघडायच्या तोंडावर जूनमध्ये घ्यावं, आणि तारखा मार्चमध्येच कळवाव्यात. तारीख आधी कळली तर निम्मी कुरकुर तिथेच संपेल.

पुन्हा पुन्हा काय शिकवतात, याचं उत्तर असं की पुस्तकं बदलतात, पोरं बदलतात. पूर्वी वर्गात ऊसतोडीवरून परतलेली पोरं असायची, आज घरी हिंदी किंवा तेलुगू बोलणारीही असतात. डी.एड.च्या वेळी हे कुणी शिकवलेलं नसतं. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 मध्ये शिक्षकानं दर वर्षी निदान 50 तास स्वतःच्या शिकण्याला द्यावेत असं म्हटलंय. तास भरतात. पुढच्या वेळी गुरुजी परत आले की शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारा, 'काय नवीन करणार आता?' रागानं विचारू नका, खरंच ऐकायचंय असं विचारा. फार कमी पालक विचारतात.

प्रश्न : यंदा मला तालुकास्तरावर सुलभक म्हणून नेमलंय. समोर बसणारे बरेच जण माझ्याहून ज्येष्ठ. जिल्ह्याच्या प्रशिक्षणातून आम्हाला पीपीटी मिळाली आहे आणि तीच पुढे द्यायची आहे. लोक कंटाळतात हे मला दिसतंय. काय करू?

तुमच्यावर हा प्रसंग का आला ते तुम्हाला ठाऊक आहे. पुण्यात राज्यस्तरावर जे सांगितलं जातं ते डायटमार्फत, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेमार्फत जिल्ह्याला, तिथून तालुक्याला, तिथून केंद्राला, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटाला. प्रत्येक पायरीवर त्यातलं 'कसं' गळतं आणि 'काय' तेवढं उरतं.

कुमठे बीटाचं आठवतं का? बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट. सातारा जिल्ह्यातल्या त्या बीटात ज्ञानरचनावादी, म्हणजे पोरानं स्वतः करून शिकायचे, वर्ग उभे राहिले. 2015ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आला आणि राज्यभरातून गाड्या भरभरून शिक्षक तिकडे बघायला गेले. तिथे पोरं गटागटानं फरशीवर बसून, हातात वस्तू घेऊन शिकत होती, एकमेकांना शिकवत होती आणि बाई फिरून फक्त प्रश्न विचारत होत्या. परत आल्यावर आमच्याकडे काय झालं? फरश्या रंगल्या. ऑइलपेंटचे डबे आणून संख्यारेषा, बाराखडीचा तक्ता, सापशिडी, सगळं जमिनीवर काढलं. फोटो काढले, अहवाल पाठवले. आणि बऱ्याच ठिकाणी पोरं त्याच रंगीत फरशीवर रांगेत बसून फळ्यावरचं उतरवून घेत राहिली. रंग दिसतो, तो सोबत नेता येतो. बाई पोराला काय विचारत होत्या आणि पोरानं उत्तर दिल्यावर किती वेळ गप्प राहत होत्या, ते गाडीच्या खिडकीतून दिसत नाही.

म्हणून पीपीटी पूर्ण करायच्या मागे लागू नका. पहिला तास परिचय, हार आणि 'मनोगत' यात जातो, तो अर्ध्या तासावर आणा, कुणी नाराज होत नाही. जेवणानंतरच्या तासिकेला प्रोजेक्टर लावूच नका. आदल्या दिवशी ग्रुपवर निरोप टाका, प्रत्येकानं एका पोराच्या चुकलेल्या कामाचं पान आणायचं. बरेच जण विसरतील, दहा-बारा आणतील, तेवढी पुरतात. पाच-पाचचे गट करा आणि ज्येष्ठांना प्रत्येक गटात एक असं वाटून टाका. पुढच्या रांगेत सगळे ज्येष्ठ एकत्र बसले की ते तुमची परीक्षा घेत बसतात. गटात त्यांनाच विचारा, 'सर, हे पोरगं पुढच्या गणितात काय लिहील?' ज्याची वीस वर्षं पहिली-दुसरीत गेली आहेत तो उत्तर देतो, आणि दिल्यावर खुर्चीत सरळ बसतो. तुमच्या शाळेतल्या कपाटात गणित पेटी असेल, तिचा सील काढून ती घेऊन जा. मण्यांची माळ आणि खेळण्यातल्या नोटा हातात आल्या की मोठी माणसंही बोलायला लागतात.

तुम्हाला एखादं उत्तर नाही आलं तर 'उद्या सांगतो' म्हणा आणि उद्या खरंच सांगा.

आणि दुपारची सही जेवणाआधी घेऊ नका. उपस्थितीपत्रक स्वतःच्या पिशवीत ठेवून चार वाजता बाहेर काढा.