हयगय म्हणजे घोडा-हत्ती नाही हो!

प्रश्न असा आलाय की अपघाताच्या बातमीत 'हयगयीने गाडी चालवून' लिहितात, तर हयगय म्हणजे छोटीशी चूकच ना? अजिबात नाही! 'हयगय झाली, गुन्हा थोडीच केलाय' हे इतक्यांदा ऐकलंय की आता डोकं फिरतं. अहो, कायद्यात हयगय हाच गुन्हा आहे. बेफाम गाडी हाणून लोकांचा जीव धोक्यात घातला की कोणाला खरचटलं नसलं तरी भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ लागतं, ६ महिन्यांपर्यंत कैद. माणूस गेला तर कलम १०६, ५ वर्षांपर्यंत (जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये २ च होती). आणि माणसं मरतील हे कळत असून हाणली तर ती हयगय उरतच नाही, सदोष मनुष्यवध होतो. वांद्र्याच्या कार्टर रोडवर २००६ ला फुटपाथवर झोपलेली ७ माणसं गाडीखाली गेली, तेव्हा चालकाला खालच्या कोर्टाने हयगय धरून ६ महिने दिले, हायकोर्टाने सदोष मनुष्यवध धरून ३ वर्षं, आणि २०१२ ला सुप्रीम कोर्टाने तेच कायम केलं. एका शब्दाचा फरक आहे हा!

आता मूळ शब्द. हय म्हणजे घोडा, गय म्हणजे गज, असं छातीठोक सांगणारे पंडित आहेत. प्राकृतात 'हय-गय-रह' असा समास आहे, मान्य, पण तिथे अर्थ सैन्याचा, घोडे हत्ती रथ. त्यातून ढिलाई कशी निघाली ते यांच्यापैकी एकानेही सांगितलेलं नाही, नुसता आवाज जुळला की झाली व्युत्पत्ती! मला विचाराल तर खरा शब्द एकटा 'गय'. प्राकृतात 'गज'चं जसं गय होतं तसंच 'गत'चंही गय होतं. गत म्हणजे गेलेलं. गय करणे म्हणजे जाऊ देणे, सोडून देणे, हिंदीत 'गई करना' अगदी याच अर्थाने आहे. मग 'हय' कुठून आलं? अहो आजूबाजू, अवतीभवती, अदलाबदल बघा की, बाजू, भवती, बदल हे खरे शब्द आणि पुढे जोडलेला तुकडा नुसता नादाचा. हय तसंच. म्हणजे हयगय करणारा हातातलं काम, इथे स्टिअरिंग, 'जाऊ दे' म्हणून सोडून देतो, आणि अपघातानंतर 'कोणाचीही गय केली जाणार नाही' म्हणतात ना, ती हीच गय, दोन्हीकडे एकच शब्द!

कोणाला जुन्या पत्रात किंवा बखरीत नुसतं 'गय' या अर्थाने सापडलं तर वाक्यासकट टाका, मी शोधतोय.