बाबांच्या कल्चर रिपोर्टमध्ये सगळीकडे ‘आर’ कसं?

‘बाबांनी आयुष्यात फारशी अँटिबायोटिक्स घेतली नाहीत, तरी आयसीयूत क्लेब्सिएला निघाला आणि मेरोपेनेमलाही आर, असं कसं?’ हा तुमचा प्रश्न. (क्लेब्सिएला हा एक जंतू, मेरोपेनेम हे भारी अँटिबायोटिक, आणि ‘आर’ म्हणजे रेझिस्टंट, त्या औषधाला जंतू दाद देत नाही.) मुंबईतच मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

औषधाला दाद देत नाही तो जंतू, बाबांचं शरीर नव्हे. आणि तो बहुधा तयार होऊनच त्यांच्यापर्यंत पोचला. प्रतिकाराची जनुकं बरेचदा प्लाझ्मिडवर असतात, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर. दोन जंतू एकमेकांना चिकटले की त्याची प्रत दुसऱ्यात जाते, मूळ पहिल्याकडे राहतंच. त्यासाठी जंतू एकाच जातीचे असावे लागत नाहीत, खरी डोकेदुखी तीच. मेरोपेनेमसारखी औषधं निकामी करणारं एनडीएम-१ हे जनुक पहिल्यांदा सापडलं ते स्वीडनमध्ये, 2008 साली, दिल्लीत उपचार घेऊन परतलेल्या रुग्णात. लघवीतल्या क्लेब्सिएलात ते होतंच, पण त्याच माणसाच्या शौचातल्या ई. कोलाय या दुसऱ्या जातीच्या जंतूतही निघालं!

लॅबमध्ये हे डोळ्यांना दिसतं. नमुन्यातला जंतू प्लेटवर पसरून त्यावर औषधाच्या चकत्या ठेवतो. औषध लागू पडलं तर चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ उरतं. अशा जंतूंची वाढ मात्र मेरोपेनेमच्या चकतीला थेट भिडलेली असते. एकाच प्लाझ्मिडवर बरेचदा अनेक औषधांविरुद्धची जनुकं असतात, त्यामुळे त्यातलं कुठलंही एक औषध दिलं तरी अख्खा संच टिकून राहतो.

वॉर्डात हे पसरतं हातांवरून, कॅथेटर-व्हेंटिलेटरच्या नळ्यांवरून, आणि बेसिनच्या जाळीखालच्या बुळबुळीत थरातून. नळाची धार थेट त्या जाळीवर पडली की शिंतोडे उडतात. म्हणून आयसीयूच्या बेसिनवर डबा किंवा फळं धुऊ नका, कृपा करून. बाबांना हात लावण्याआधी आणि नंतर हँडरब चोळा, हात कोरडे होईपर्यंत. भेटायला येणाऱ्या काका-मावशींनाही सांगा. त्यांना राग येईल, येऊ दे.

डॉक्टरांना एक नक्की विचारा: नमुना रक्ताचा होता की श्वासनळीतल्या स्रावाचा? रक्तात सापडला तर गंभीर. स्रावात मात्र कधी कधी जंतू नुसता वस्तीला असतो, आजार त्याच्यामुळे नसतो. तेव्हा ‘अजून स्ट्राँग काहीतरी द्या’ म्हणून मागे लागू नका. अशा वेळी शेवटचा उपाय म्हणून देतात ते कोलिस्टिन मूत्रपिंडाला जड जातं. आणि दुसरीकडे हलवायची वेळ आली तर हा रिपोर्ट फाइलच्या सगळ्यात वर लावा, म्हणजे तिथे पहिल्या दिवसापासून वेगळी काळजी घेता येईल.