टॅम्पात घर बघताना आधी पाण्याची वाट बघा

भाऊ, तुमचा प्रश्न असा की नागपूरच्या मिहानमधली नोकरी सोडून बायको-मुलांसह फ्लोरिडातल्या टॅम्पाला जायचं जवळपास ठरलंय, पहिलं वर्ष भाड्याने राहून नंतर घर घ्यायचंय, पण हरिकेनच्या बातम्या आणि "फ्लोरिडा बुडणार" हे ऐकून घरचे घाबरलेत. जावं का, आणि घर कुठे बघावं?

जायला हरकत नाही. घर मात्र शहराच्या नावावर ठरवू नका, गल्लीवर ठरवा. नागपूरकराला हे समजावून सांगायची खरं तर गरज नाही. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा समुद्रसपाटीपासून 310 मीटर उंच असलेल्या आपल्या शहरात अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत घरं पाण्यात गेली, आणि थोडं पलीकडे लोक सकाळी उठून विचारत होते, काय झालं म्हणून. फ्लोरिडातही हाच हिशेब आहे, फक्त तलावाच्या जागी समुद्र.

हरिकेन म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उडणारी छपरं येतात. पण 1963 ते 2012 या काळात अमेरिकेत अशा वादळांनी थेट घेतलेल्या बळींपैकी दहातले नऊ पाण्याने गेले. त्यातही निम्म्याच्या आसपास बळी सर्जचे, म्हणजे वादळाने किनाऱ्यावर ढकलून आणलेल्या समुद्राच्या पाण्याचे. तुम्ही ऐकता ती एक ते पाच श्रेणी निव्वळ वाऱ्याची आहे: पहिली ताशी 119 किलोमीटरपासून, तिसरी 178 पासून, पाचवी 252 पासून. पाणी किती येणार, पाऊस किती पडणार, याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. "पहिल्याच श्रेणीचं आहे, राहू द्या" म्हणणारे इथेच फसतात.

आता तापमानवाढीचा यात काय भाग, ते. आपला कूलर कसा चालतो? ताटीवरचं पाणी वाफ होताना हवेतली उष्णता सोबत घेऊन जातं, म्हणून वारा गार लागतो. हरिकेनमध्ये या खेळाचा उलटा, दुसरा अर्धा भागही होतो. गरम समुद्रावरून उठलेली वाफ ती उष्णता पोटात घेऊन वर जाते, वर ढगात तिचं पाणी झालं की उष्णता सुटते, आणि त्यावर वादळ फिरतं. त्यासाठी समुद्राचं पाणी साधारण 26.5 अंशांच्या वर लागतं, तेही नुसतं पृष्ठभागावर नाही, साधारण 50 मीटर खोलपर्यंत. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त वाफ मावते, म्हणून तेच वादळ आता जास्त पाऊस ओततं. वादळांची एकूण संख्या वाढेल असं शास्त्रज्ञ ठामपणे म्हणत नाहीत. वाढतो तो जोरदार वादळांचा वाटा, आणि एका दिवसात अचानक बळ धरण्याचा प्रकार. ऑक्टोबर 2024 मध्ये मिल्टन नावाचं हरिकेन पहिल्या श्रेणीतून पाचव्या श्रेणीत जेमतेम एका दिवसात गेलं. किनाऱ्याला लागेपर्यंत ते तिसऱ्या श्रेणीवर उतरलं होतं, पण तयारीसाठी हातात असलेला वेळ कसा आटतो ते यातून समजा.

समुद्राची पातळी हळू वाढते, म्हणून लोक तिला हलक्यात घेतात. 1901 ते 2018 मध्ये जगाची सरासरी पातळी सुमारे 20 सेंटिमीटर वाढली. त्यातल्या पहिल्या सत्तर वर्षांत वेग वर्षाला 1.3 मिलिमीटर होता, 2006 नंतरच्या काळात 3.7. कारणं दोन: तापलेलं पाणी फुगतं, आणि जमिनीवरचा बर्फ (डोंगरांवरच्या हिमनद्या, ग्रीनलँड, अंटार्क्टिका) वितळून समुद्रात येतो. समुद्रात तरंगणाऱ्या बर्फाने पातळी जवळपास वाढत नाही. काठोकाठ भरलेल्या सरबताच्या ग्लासातला बर्फ वितळला तरी सरबत सांडत नाही, तसंच. अमेरिकी सरकारच्या 2022 च्या अंदाजानुसार 2020 ते 2050 मध्ये तिथल्या किनाऱ्यावर सरासरी 10 ते 12 इंच वाढ होईल, मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर त्याहून जास्त. घरचं कर्जही तीसच वर्षांचं असतं. आज घेतलेलं घर तुम्ही त्या फूटभर चढलेल्या समुद्राशेजारीच फेडणार आहात.

फूटभर म्हणजे काय बिघडतं? एक, सर्ज त्या वाढीव पातळीवर चढून येतो. दोन, पावसाचं पाणी वाहून नेणारी गटारं उताराने समुद्रात पडतात. समुद्रच वर आला की पाणी उतरत नाही, उलट गटारातून रस्त्यावर येतं. मायामी बीचला सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या मोठ्या उधाणात कोरड्या उन्हात रस्त्यावर पाणी साचतं ते यामुळेच. मायामीखालचा चुनखडीचा दगड जाळीदार आहे, पाणी जमिनीतूनच वर येतं, त्यामुळे नुसती भिंत बांधून भागत नाही.

टॅम्पाचं तसं नाही, तिथला धोका खाडीचा. टॅम्पा बे उथळ, बाहेरचा समुद्रतळही लांबपर्यंत उथळ, त्यामुळे ढकललेलं पाणी पसरायला जागा नसते, ते चढतं. 26 सप्टेंबर 2024 ला हेलीन हरिकेन खूप दूरून, समुद्रातूनच उत्तरेला गेलं, तरी टॅम्पा बेमध्ये विक्रमी सर्ज आला. दोनच आठवड्यांनी मिल्टन जवळपास अंगावर आलं, पण 9 ऑक्टोबरला दक्षिणेला सिएस्टा कीपाशी किनाऱ्याला लागलं आणि खाडीतलं पाणी चक्क बाहेर ओढलं गेलं. उत्तर गोलार्धात ही वादळं घड्याळाच्या उलट फिरतात. पश्चिम किनाऱ्यावर केंद्राच्या दक्षिणेला वारा पाणी आत ढकलतो, उत्तरेला बाहेर काढतो. म्हणून टीव्हीवरच्या नकाशातला शंकू बघून "आपण बाहेर आहोत" म्हणू नका. तो शंकू केंद्र कुठून जाईल याचा अंदाज आहे, वादळ किती रुंद आहे याचा नाही. मिल्टनने पाणी ओढून नेलं खरं, पण सेंट पीटर्सबर्गवर 18 इंचांहून जास्त पाऊस टाकला, म्हणजे आपल्या वर्षभराच्या पावसाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त.

पत्ता हातात आला की दोन वेगळे नकाशे बघा, आणि त्यांची गल्लत करू नका. पहिला, फेमाचा, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आपत्ती संस्थेचा पूर नकाशा. त्यात एई किंवा व्हीई लिहिलेलं असेल तर वर्षाला किमान 1 टक्का पुराची शक्यता. ऐकायला किरकोळ, पण तीस वर्षांत ती 26 टक्के होते. व्हीईमध्ये पाण्यासोबत लाटांचा मारही असतो, ते घर सोडूनच द्या. दुसरा, काउंटीचा (म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा) स्थलांतराचा नकाशा, ए पासून पुढच्या अक्षरांचा. तो सर्जचा आहे, आणि "निघा" असा हुकूम याच अक्षरावर येतो. एखादं घर पूर नकाशावर एक्स म्हणजे कमी धोक्याचं दिसतं आणि स्थलांतराच्या ए किंवा बी पट्ट्यात असतं. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी ऑफिस थोडं लांब पडलं तरी चालेल, वेस्ली चॅपल, न्यू टॅम्पा, टेम्पल टेरेस या आतल्या बाजूला बघा. तिथेही तळ्याकाठचं, ओढ्याकाठचं किंवा खोलगट घर नको. सेंट पीटर्सबर्गचं शोर एकर्स किंवा टॅम्पातलं डेव्हिस आयलंड्स फोटोत फार गोड दिसतं. फोटो बघा आणि पुढे चला.

घर विकत घेताना बांधकामाचं वर्ष विचारा. 1992 च्या अँड्र्यू वादळानंतर फ्लोरिडाने नियम कडक केले आणि राज्यभराची नवी संहिता मार्च 2002 पासून लागू झाली. त्यानंतरच्या घरांत छप्पर भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी बांधलेलं असतं. चारी बाजूंनी उतरतं छप्पर दोन उतारांच्या छपरापेक्षा बरं. गॅरेजचा दरवाजा हमखास दुबळा दुवा असतो: तो आत गेला की वारा घरात शिरतो आणि छप्पर आतून उचलतो. या सगळ्याची तपासणी करून विंड मिटिगेशनचा, म्हणजे घर वाऱ्याला किती टिकेल याचा अहवाल घेतला तर विम्याचा हप्ता कमी होतो. ऑक्टोबर 2024 पासून विकणाऱ्याला पुराबद्दलची माहिती लेखी द्यावी लागते, ती मागून घ्या.

विम्यात सगळ्यात जास्त लोक अडकतात. घराचा साधा विमा पुराला लागू नाही. पुराचा वेगळा, सरकारी योजनेत घरासाठी जास्तीत जास्त 2,50,000 डॉलर आणि सामानासाठी 1,00,000. भाडेकरूला फक्त सामानाचा घेता येतो, आणि तुम्ही तो घ्याच. तो सहसा 30 दिवसांनी लागू होतो, त्यामुळे वादळ दिसल्यावर धावाधाव व्यर्थ. कर्जासोबत घेतला तर ही थांब नाही. हॉटेलात राहण्याचा खर्च यातून मिळत नाही. शिवाय हरिकेनच्या नुकसानीत तुमचा वाटा टक्क्यांत असतो: घराचा विमा 4,00,000 डॉलरचा आणि 2 टक्के वाटा असेल तर पहिले 8,000 तुमच्या खिशातून. गाडीचा पुराचा धोका कॉम्प्रिहेन्सिव्ह विम्यात येतो, कमीत कमी दराच्या पॉलिसीत नाही. इलेक्ट्रिक गाडी असेल तर खाऱ्या पाण्यात बुडाल्यावर बॅटरी नंतरही पेट घेऊ शकते, ती गॅरेजमध्ये परत लावू नका.

निघायचा हुकूम आला तर अटलांटापर्यंत पळू नका. पाणी टाळायला वीस-तीस किलोमीटर आत, पक्क्या घरात पुरे. लांब निघालेले आय-75 महामार्गावर पेट्रोलविना अडकतात. मोसम जूनपासून नोव्हेंबरअखेर, ऐन भर साधारण 10 सप्टेंबरला, म्हणजे आपल्याकडे मारबत निघते त्याच्या आसपास. ऑगस्टपासून टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. पाणी माणशी रोज एक गॅलन: चौघांना सात दिवस म्हणजे 28 गॅलन, जवळपास 106 लिटर. वीज गेली की कार्ड चालत नाही, रोख ठेवा. शेगडीही बहुतेक घरांत विजेची असते. गॅसचा छोटा चूल-स्टोव्ह घ्या, पण पेटवायचा घराबाहेरच. जनरेटर घरापासून किमान 20 फुटांवर, खिडक्यांपासून लांब. वादळ गेल्यानंतर धुराच्या विषाने माणसं जातात. पासपोर्ट, आय-797 (व्हिसाच्या अर्जाला मंजुरी मिळाल्याचा सरकारी कागद), लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, आणि त्यांचे फोटो क्लाउडवर. बुडालेला सोफा नवा घेता येतो, मूळ आय-797 पुन्हा मिळवायला महिने जातात.

आई-बाबांना बोलवायचं तर जानेवारी ते मे उत्तम, नवतपाही चुकेल. उन्हाळ्यातच यायचं असेल तर ऑगस्टच्या मध्याआधी परतीचं तिकीट काढा, आणि बीपी-शुगरची औषधं मुक्कामापेक्षा महिनाभर जास्त आणायला सांगा.