108 येईपर्यंत गावाने काय करावे?

आपले गाव घाटात आहे, तालुक्याहून रुग्णवाहिका यायला पाऊण तास तरी लागतो, तोवर लोकांनी काय करावे आणि ग्रामपंचायतीने प्रशिक्षण ठेवल्यास त्यात काय शिकवावे, असे आपण विचारले आहे. सह्याद्रीच्या पट्ट्यातील एका तालुक्यात मी काही वर्षे 108 च्या रुग्णवाहिकेवर डॉक्टर होतो. तेव्हापासून माझे मत असे आहे की, प्रशिक्षणाची सुरुवात फोन कसा करावा येथून व्हावी. छाती दाबण्याचे रबरी पुतळ्यावरचे प्रात्यक्षिक फोटोत छान दिसते, परंतु गावाचा वेळ बहुधा त्याच्या कितीतरी आधी वाया गेलेला असतो.

महाराष्ट्रात ही सेवा 2014 साली 937 रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, त्यांपैकी 233 गाड्या व्हेंटिलेटरसारखी प्रगत साधने असलेल्या होत्या. आपला फोन तालुक्याला लागत नाही, तो पुण्याच्या नियंत्रण कक्षात जातो, आणि तो घेणाऱ्याने आपले गाव कधी पाहिलेले नसते. त्याला ‘ठाकरवाडीत माणूस सिरियस आहे’ एवढेच सांगितले तर त्यातून काहीच कळत नाही, कारण एकाच तालुक्यात चार ठाकरवाड्या असू शकतात. तालुका, ग्रामपंचायत, जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि कोणत्या फाट्यावरून आत वळायचे, या क्रमाने पत्ता सांगावा. रुग्ण शुद्धीवर आहे का आणि श्वास घेतो का, हे त्याच्या जवळ उभे राहून सांगावे. हा मजकूर मोठ्या अक्षरांत लिहून शाळेच्या, किराणा दुकानाच्या आणि पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर लावला, तर घाबरलेल्या माणसालाही तो वाचून दाखवता येतो. ज्या मोबाइलवरून फोन केला, तो नंतर रिकामा ठेवावा. गाडीवरचे डॉक्टर त्याच क्रमांकावर परत फोन करतात आणि नेमके तेव्हाच घरचे लोक त्यावरून पाहुण्यांना कळवत बसलेले असतात. रात्री फाट्यावर बॅटरी घेऊन एक माणूस उभा असला की, पायलटला, म्हणजे आमच्या चालकाला, दारोदार विचारत फिरावे लागत नाही.

गावात जीप असेल आणि रुग्णाला हलवण्यात धोका नसेल, तर डॉक्टरांशी फोनवर ठरवून गाडीला अर्ध्या वाटेत गाठावे. घाटात याने बराच वेळ वाचतो. मात्र झाडावरून किंवा छपरावरून पडलेल्याला चादरीच्या झोळीत घालू नये. मणक्याला इजा असल्यास ती झोळीत वाढते. त्याची मान न हलवता जागीच ठेवावे आणि अगदीच न्यावे लागले तर फळीवर सपाट झोपवून न्यावे.

आपल्या भागात पावसाळ्यात सर्पदंश होणारच, त्यामुळे प्रशिक्षणाचा मोठा भाग त्यासाठी राखावा. दंश झालेल्या माणसाला चालू देऊ नये, झोपवून ठेवावे आणि हाता-पायाला बांबूची कामटी सैल बांधून तो स्थिर करावा. अंगठ्या, जोडवी, बांगड्या लगेच काढाव्यात, कारण सूज चढल्यावर त्या कापाव्या लागतात. आवळून दोरी बांधणे, ब्लेडने चिरणे, तोंडाने विष ओढणे यांतले काहीही करू नये. दोरी आधीच बांधली गेली असेल, तर ती वाटेत न सोडता डॉक्टरांसमोरच सोडावी. मण्यारीच्या बाबतीत लोक हमखास फसतात. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, जागेवर ना फारशी सूज ना वेदना. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात आणि घरचे अपचन समजून ओवा देतात. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे अशा तक्रारी सांगू लागला, तर सर्पदंश समजूनच हालचाल करावी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते, म्हणून साप मारून आणण्यात वेळ घालवू नये. जीप नसल्यास मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्यावे, पण मांत्रिकाकडे थांबू नये. हे शेवटचे गावातल्याच एखाद्या मान्य माणसाने सांगितलेले बरे. आम्ही सांगितले की लोक नुसती मान डोलावतात.

कीटकनाशक पोटात गेले असेल, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. अंगावर सांडलेले असल्यास कपडे काढून साबणाने धुवावे आणि कीटकनाशकाची बाटली रुग्णासोबत द्यावी. छाती दाबण्याचे तंत्र शिकवावे, पण थोडक्यात: मोठा माणूस प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहावे आणि दमल्यावर दुसऱ्याने हात घालावा. ते एकदा पाहून येत नाही, दरवर्षी करून पाहावे लागते.

रस्त्यावरच्या अपघातात लोक पोलिसांच्या भीतीने मागे राहतात. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 134अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही चूक झाली तरी, दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याखालील नियमांनुसार त्याला स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. हे कलम ग्रामसभेत वाचून दाखवावे.

ग्रामसभेसाठी 1 मेचा दिवस सोयीचा आहे, कारण पावसाला महिनाभर अवधी असतो आणि मुंबई-पुण्याला गेलेली तरुण मुलेही गावी आलेली असतात. जवळच्या आरोग्य केंद्रात सर्पदंशाच्या प्रतिविषाच्या किती कुप्या शिल्लक आहेत आणि रात्री तेथे डॉक्टर असतात का, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्याच दिवशी लेखी विचारून ठेवावे.