टक्केवारी वाढवण्याआधी

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

त्वचा बधिर करणाऱ्या मलमाचा तुझा आराखडा दोनदा वाचला. लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाच्या २ टक्के जेलने त्वचा बधिर होत नाही, तेव्हा ५ टक्के करून पाहावं, जमलं नाही तर १०, असा बेत दिसतो. इथेच थांब. या वाटेने गेलेलं मलम एक तर चालत नाही, नाही तर धोक्याचं होतं, आणि दोन्हींचं कारण एकच आहे.

तुझ्याच जेलकडे बघ. २ टक्के लिडोकेन जेलने मूत्रमार्गाचं अस्तर बधिर होतं, पण मनगटावर तासभर लावलं तरी सुई टोचतेच. औषध तेच, मात्रा तीच. फरक फक्त आडव्या येणाऱ्या भिंतीचा. स्ट्रॅटम कॉर्नियम हा त्वचेचा सर्वात वरचा मृत पेशींचा थर जेमतेम १० ते २० मायक्रॉन जाडीचा आहे. चपट्या पेशी विटांसारख्या रचलेल्या, मधे सिरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी आम्लांचा लेप. डोळ्यांचे डॉक्टर कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करून दाखवला, कारण बुबुळावर हा थर नाही. अखंड त्वचेसाठी भरवशाचं मलम यायला मात्र १९८० चं दशक उजाडावं लागलं. मधल्या काळात नवी औषधं पुष्कळ आली. लिडोकेनच १९४३ मध्ये तयार झालं होतं. अडलं होतं ते भिंतीपाशी.

लिडोकेनचा रेणू या भिंतीसाठी मोठा नाही. त्याचा रेणुभार २३४ आहे आणि साधारण ५०० पर्यंतचे रेणू त्वचेतून जाऊ शकतात. अडचण प्रभाराची आहे. लिडोकेनचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मं औषध प्रभारित आणि निम्मं प्रभाररहित असतं तो आकडा, ७.९. तुझ्या जेलचा पीएच ५.५ असेल, तर त्यातलं फक्त ०.४ टक्के औषध प्रभाररहित असतं. बाकीचं आयन होऊन पाण्यात सुखाने राहतं आणि चरबीच्या लेपात शिरायला बघत नाही. पीएच ७.४ ला प्रभाररहित हिस्सा २४ टक्के होतो आणि ९.४ ला ९७ टक्के. हे गणित एकदा स्वतःच्या हाताने करून पाहा. नसेजवळ पोहोचल्यावर शरीराच्या पीएचला त्यातलं बरंचसं औषध पुन्हा प्रभारित होतं, आणि वेदनेचा संदेश पुढे नेणाऱ्या नसेतल्या सोडियमच्या वाहिन्या आतून बंद करतं ते हेच प्रभारित रूप. म्हणजे भिंत ओलांडायला एक रूप आणि काम करायला दुसरं. तुला फक्त पहिल्याची सोय करायची आहे.

मग पीएच वाढवून टाकू, असं तुझ्या मनात येईल. पण वाढवलास की लिडोकेन बेस, म्हणजे त्याचं प्रभाररहित रूप, पाण्यात फारसं विरघळत नाही. मिलिलिटरला जेमतेम ४ मिलिग्रॅम विरघळतं, उरलेलं स्फटिक होऊन खाली बसतं. तेलात विरघळवलंस तर भरपूर विरघळेल, पण तेलातच रमेल. मलमात औषध किती आहे यापेक्षा त्याला तिथून निघायची किती ओढ आहे, यावर सगळं ठरतं. ही ओढ सर्वात जास्त असते संपृक्ततेच्या काठावर, म्हणजे आणखी औषध विरघळूच शकत नाही तिथे. एका माध्यमातलं २ टक्क्यांचं संपृक्त द्रावण आणि दुसऱ्या माध्यमातलं १० टक्क्यांचं संपृक्त द्रावण, माध्यमाने त्वचेवर स्वतःचा परिणाम केला नाही तर, त्वचेकडे सारख्याच जोराने ढकलतात. म्हणून डबीवरची टक्केवारी ही ताकद समजू नकोस.

या कोंडीतून बाहेर पडायची एक सुंदर वाट तुझ्या टेबलावरच करून पाहता येते. लिडोकेन बेस ६८ अंशांना वितळतं, प्रायलोकेन या त्याच्याच जातीच्या औषधाचा बेस ३७-३८ अंशांना. दोन्ही पांढऱ्या पुडी समान वजनाने खलात घे आणि घोट. काही मिनिटांत पूड ओलसर दिसू लागते, बत्त्याला चिकटते, कडेला चकाकी येते आणि शेवटी खलात स्वच्छ तेल उरतं. पाणी नाही, उष्णता नाही, विद्रावक नाही. हे युटेक्टिक मिश्रण, म्हणजे दोन्ही घटकांपेक्षा कमी तापमानाला वितळणारं मिश्रण, साधारण १८ अंशांच्या वर द्रवच राहतं. त्याचं इमल्शन केलंस, म्हणजे पाण्यात बारीक थेंबांनी पसरवलंस, की तेलाचा प्रत्येक थेंब म्हणजे जवळजवळ निव्वळ औषध. एकूण औषध ५ टक्केच, पण ओढ पूर्ण.

पहिली बॅच १०० ग्रॅमची कर. लिडोकेन बेस २.५ ग्रॅम, प्रायलोकेन बेस २.५ ग्रॅम, पॉलीऑक्सिएथिलीन हायड्रोजनेटेड कॅस्टर ऑइलच्या जातीचा इमल्सिफायर (तेलाचे थेंब पाण्यात टिकवणारा) सुमारे २ ग्रॅम, घट्टपणासाठी कार्बोमर १ ग्रॅम, पीएचसाठी सोडियम हायड्रॉक्साइड, बाकी शुद्ध पाणी. कार्बोमर आदल्या दिवशीच थोड्या पाण्यात भुरभुरून भिजत ठेव. एकदम ओतलास तर माशांच्या डोळ्यांसारख्या गाठी होतात आणि त्या नंतर कशानेही फुटत नाहीत. दोन्ही औषधं आणि इमल्सिफायर ५० अंशांच्या जलकुंडात एकजीव कर, तितक्याच गरम पाण्यात घालून होमोजिनायझर चालव, थंड होऊ दे, मग कार्बोमर मिसळ आणि सर्वात शेवटी अल्कली थेंबाथेंबाने घालत पीएच ९ च्या थोडा वर आण. क्रीम घट्ट होताना हाताला कळतं.

इथे होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. पहिली, बेसच्या जागी हायड्रोक्लोराइड क्षार, म्हणजे औषधाचं पाण्यात विरघळणारं प्रभारित रूप, घेणं. बाटलीवरचं नाव अर्धवट वाचलं जातं. क्षाराने तेल होतच नाही, शिवाय कार्बोमरची जेल पाण्यासारखी सैल पडते, कारण प्रभारित औषध कार्बोमरच्या ऋण साखळ्यांना धरून बसतं. वजनाचा हिशेबही वेगळा: १ ग्रॅम बेसइतकं औषध हवं तर मोनोहायड्रेट क्षार १.२३ ग्रॅम लागतो. क्षाराचीच जेल करायची असेल तर हायड्रॉक्सिएथिल सेल्युलोज घे. दुसरी चूक म्हणजे क्रीम मऊ लागावं म्हणून लिक्विड पॅराफिन किंवा आयसोप्रोपाइल मिरिस्टेट घालणं. हाताला छान लागतं, आणि औषध त्या तेलात पातळ होऊन बसतं. सगळी मेहनत वाया. तिसरी, सवयीने पॅराबेन हा संरक्षक, म्हणजे जंतू वाढू न देणारा पदार्थ, घालणं. पीएच ९.४ ला पॅराबेनचा बराच भाग आयन होऊन निकामी होतो आणि हळूहळू त्याचं विघटनही होतं. अशा क्रीमला संरक्षक लागतोच का, हे आधी जंतूंची चाचणी करून ठरव. आणि ट्यूब ॲल्युमिनियमची असेल तर आतून लाखेचा थर हवाच, कारण अल्कली धातू खाते.

दर आठवड्याला एक थेंब पोलराइज्ड सूक्ष्मदर्शकाखाली बघ. काळ्या पार्श्वभूमीवर थेंब दिसायला नकोत. चमकणाऱ्या सुया दिसल्या तर औषध स्फटिक होऊ लागलं आहे. वजनात प्रमाण चुकलं, किंवा नमुना फ्रीजमध्ये राहिला, की हे होतं. डोळ्यांना क्रीम तेव्हाही गुळगुळीतच दिसतं, म्हणून नुसत्या डोळ्यांवर जाऊ नकोस.

आता फ्रान्झ सेल, म्हणजे दोन कप्प्यांमध्ये त्वचेचा तुकडा बसवून त्यातून किती औषध उतरतं ते मोजायचं पात्र. तुझ्या प्रयोगाची खरी परीक्षा इथे आहे आणि तुझ्या आराखड्यात हाच भाग सर्वात कच्चा आहे. तू १० मिलिग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर क्रीम लावणार आहेस, कारण त्वचेवरच्या बहुतेक औषधांसाठी तसं करतात. पण बधिर करणारं क्रीम चोळून जिरवत नाहीत, जाड थापून वर हवाबंद पट्टी लावतात. सुई टोचण्याआधीची नेहमीची मात्रा म्हणजे २.५ ग्रॅम क्रीम २० ते २५ चौरस सेंटिमीटरवर, किमान एक तास. हे चौरस सेंटिमीटरला १०० मिलिग्रॅमच्या आसपास जातं, म्हणजे तुझ्या दसपट. १५ मिलिमीटर व्यासाच्या सेलचं क्षेत्रफळ १.७७ चौरस सेंटिमीटर, तेव्हा सुमारे १८० मिलिग्रॅम क्रीम घाल आणि वरून झाकण बंद कर. उघडं ठेवलंस तर पाणी उडून जाईल आणि तू वेगळ्याच क्रीमची चाचणी करत असशील.

त्वचेच्या पृष्ठभागाचं तापमान ३२ अंश हवं. जलकुंडाच्या पडद्यावरचा आकडा धरू नकोस, त्वचेवर प्रोब टेकवून मोज. रिसेप्टर द्रव, म्हणजे त्वचेखालच्या कप्प्यातला द्रव, आधी गरम करून त्यातली हवा काढून टाक, नाहीतर तासाभरात त्वचेच्या खालच्या बाजूला बुडबुडा धरतो. तो मोहरीएवढा असला तरी तेवढ्या भागातून औषध उतरत नाही आणि त्या सेलचा आकडा कमी येतो. सेल तिरका करून, बाजूच्या नळीकडे बुडबुडा सरकवून काढायचा. दर नमुन्याला हे पाहा. रिसेप्टरमधलं औषध त्याच्या विद्राव्यतेच्या एक दशांशावर जाऊ देऊ नकोस, नाहीतर वेग आपोआप मंदावलेला दिसेल आणि दोष तू क्रीमला देशील. डुकराच्या कानाची त्वचा चालेल. केस कात्रीने काप, वस्तरा लावू नकोस. सुरू करण्याआधी प्रत्येक तुकड्यातून होणारं बाष्पीभवन मोजून फाटका तुकडा बाजूला काढ.

आकडे वाचताना काय शोधायचं, हे जरा थांबून सांगतो. २४ तासांत किती औषध पार गेलं, हा आकडा इथे कामाचा नाही. सुईची वाट बघणारं मूल २४ तास थांबत नाही. तुला हवी आहे पहिली ३० मिनिटं, पहिला तास, दुसरा तास. चढत्या रेषेपेक्षा ती रेषा चढायला लागण्याआधीचा विलंब जास्त बोलतो. आणि रिसेप्टरमध्ये उतरलेलं औषध म्हणजे यश नव्हे. बधिरता आणणाऱ्या नसा त्वचेच्या आत आहेत. रिसेप्टरमध्ये गेलेलं औषध माणसात रक्तात गेलं असतं. म्हणून प्रयोग संपल्यावर वरचं क्रीम पुसून, चिकटपट्टीने वरचे थर काढून, उरलेल्या त्वचेतलं औषध वेगळं काढून मोज. दोन क्रीममध्ये रिसेप्टरचा आकडा सारखा, पण त्वचेतला आकडा एकाचा दुप्पट, असं दिसलं तर ते दुप्पटवालं क्रीम उचल.

वेग वाढवायला प्रोपिलीन ग्लायकॉल, ओलेइक आम्ल असे प्रवेशवर्धक आहेत. गरम होणाऱ्या पट्ट्या आणि सूक्ष्म सुयाही आहेत. त्या सगळ्याकडे नंतर बघू. टेट्राकेन या दुसऱ्या बधिर करणाऱ्या औषधाचा विचार मात्र कर: ४ टक्क्यांच्या जेलने ३० ते ४५ मिनिटांत काम होतं आणि बधिरता जास्त टिकते. पण तो एस्टर या वेगळ्या रासायनिक गटातला आहे, पाण्यात हळूहळू तुटतो, त्वचा लाल करतो, आणि ॲलर्जीचं प्रमाण लिडोकेनपेक्षा जास्त.

आता धोक्याचं. ३० टक्के लिडोकेनचा १०० ग्रॅमचा डबा म्हणजे ३० ग्रॅम औषध. इंजेक्शनने देताना मोठ्या माणसाला एका वेळची मर्यादा ३०० मिलिग्रॅमच्या आसपास मानतात. डब्यात त्याच्या शंभरपट. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये जाहीर इशारा दिला, तो २२ आणि २५ वर्षांच्या दोन मुलींच्या मृत्यूनंतर. लेसरने केस काढण्याआधी त्यांनी पायांना जास्त तीव्रतेचं क्रीम लावून वर प्लॅस्टिक गुंडाळलं होतं. मोठं क्षेत्रफळ, हवाबंद आवरण, लांबलेला वेळ: त्वचेतून औषध नेण्यासाठी तू प्रयोगशाळेत जे जे करतेस, तेच तिथे मापाशिवाय झालं. ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुणगुण, मग झटके आणि हृदयाची लय बिघडणं, असा क्रम असतो. पण दर वेळी तो पायरीपायरीने येईलच असं नाही.

प्रायलोकेनचा स्वतःचा धोका आहे. शरीरात त्यापासून ऑर्थो-टोल्युइडिन तयार होतं आणि ते हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन करतं, जे ऑक्सिजन वाहत नाही. तान्ह्या बाळांत हे परत फिरवणारं विकर कमी असतं. म्हणून ३ महिन्यांखालच्या किंवा ५ किलोखालच्या बाळाला युटेक्टिक क्रीमची मर्यादा १ ग्रॅम, १० चौरस सेंटिमीटर आणि १ तास, तिन्ही एकदम. तुझ्या माहितीपत्रकात फक्त ग्रॅम लिहून चालणार नाही. क्षेत्रफळ आणि वेळ नसेल तर मात्रा सांगितलीच नाही. इसब असलेल्या त्वचेवर भिंत आधीच गळकी असते, परिणाम लवकर येतो आणि लवकर जातो, तेव्हा तिथे वेळ कमी धर. जखमेवर हे क्रीम नको, कानाच्या मधल्या भागात तर कधीच नको.

औषध भरलेल्या चिकट पट्टीचा विचार तू शेवटच्या पानावर केला आहेस, म्हणून एवढंच: ५ टक्क्यांच्या १० गुणिले १४ सेंटिमीटरच्या पट्टीत ७०० मिलिग्रॅम लिडोकेन असतं आणि १२ तासांत त्यातलं साधारण ३ टक्केच शरीरात जातं. वापरून झालेल्या पट्टीत ६५० मिलिग्रॅमहून जास्त शिल्लक राहतं. ती चिकट बाजू आत घेऊन दुमडून, मुलांच्या आणि जनावरांच्या हाती लागणार नाही अशी टाकायची, हे वेष्टनावर मोठ्या अक्षरांत हवं.

माणसांवरच्या चाचणीचा मसुदा नैतिक समितीकडे जाण्याआधी एक गोष्ट बदल. या क्रीमने त्वचा आधी फिकट पडते, नंतर लाल होते. मोजणाऱ्याने ती पाहिली की त्याला खरं क्रीम कुठलं ते कळतं आणि चाचणी आंधळी राहत नाही. क्रीम पुसणारा एक आणि वेदना नोंदवणारा दुसरा ठेव, जागा छिद्राच्या कापडाने झाक, आणि बिनऔषधी क्रीमचा पीएचही तेवढाच ठेव.

सहा सेल लाव. अर्धा, एक, दोन आणि चार तासांचे आकडे मला पाठव, पण सरासरी काढून नको. सहाही सेलचे वेगवेगळे पाठव, आणि ज्या सेलमध्ये बुडबुडा दिसला त्यापुढे तशी खूण कर.

तुझा,
मार्गदर्शक